रुमालाखालचा भाव

सांगलीच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षे हळदीची अडत चालवलेले आण्णा 2025 च्या डिसेंबरात एका मोटारीच्या शोरूममध्ये जाऊन बसले, तेव्हा आपण आज गादीच्या दुसऱ्या बाजूला आहोत, हे त्यांना प्रथम जाणवले. आयुष्यभर समोरचा माणूस भाव विचारी आणि आण्णा उत्तर देत. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी विचारण्याची पाळी त्यांच्यावर आली होती. घरातली आतापर्यंतची एकमेव मोटार त्यांनी ओळखीच्या एका डॉक्टरांकडून जुनी म्हणून घेतली होती आणि तो सौदा एका कप चहात पुरा झाला होता. कोरी गाडी, आणि तीही विजेवर चालणारी, हा अनुभव नवा होता.

गाडी हवी होती ती सूनबाईंसाठी. मुलगा पुण्यात एका कारखान्यात नोकरीला. पंधरा दिवसांनी घरी येणारा. सूनबाई कोल्हापूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन व लेखाकर्म हा विषय शिकवतात. त्यांनी पुण्यात नोकरी शोधली असती तर संसार एका छपराखाली आला असता; परंतु सासूबाईंचे गुडघे आणि आण्णांचा रक्तदाब सांभाळण्यासाठी त्या सांगलीतच राहिल्या. सकाळी सहाला घर सोडायचे, एस.टी.ने किंवा रेल्वेने पन्नास किलोमीटर जायचे आणि दिवेलागणीला परतायचे, असा क्रम नऊ वर्षे चालला होता. त्याविषयी त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत. न बोललेले ऋण वहीत लिहिता येत नाही, म्हणून ते फिटतही नाही, असे आण्णांना अलीकडे वारंवार वाटू लागले होते. यार्डातला गाळा विकून आलेल्या पैशांपैकी सात लाख रुपये त्यांनी याच कामासाठी बाजूला ठेवले होते.

विजेची गाडी घेण्यामागे हौस नव्हती, हिशेब होता. रोजचे जाणे-येणे शंभर किलोमीटर. पेट्रोलची गाडी लिटरला सोळा किलोमीटर चालली तर सहा-सव्वासहा लिटर, म्हणजे दिवसाला सहाशे रुपयांहून अधिक. विजेच्या गाडीला तेवढ्या अंतरासाठी, चार्ज करताना वाया जाणारी वीज धरूनही, सुमारे पंधरा युनिट पुरतात. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पण वरचा टप्पा धरला तरी हा खर्च पेट्रोलच्या निम्म्याहून कमी पडत होता. महाराष्ट्रात अशा गाडीला रस्ता कर माफ आहे आणि वस्तू व सेवा कर पाच टक्केच आहे. जी गाडी आठवड्यातून एकदा देवदर्शनाला निघते तिच्यासाठी हा हिशेब जुळत नाही. जी रोज शंभर किलोमीटर धावते तिच्यासाठी तो चोख जुळतो.

मुलाने फोनवर समजावून पाहिले. “आण्णा, तुम्ही कशाला त्रास घेता? आता भाव करायचे दिवस राहिले नाहीत. सगळ्या किमती ठरलेल्या असतात.” आण्णांनी ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सूनबाईंना घेऊन ते शोरूमला गेले.

त्यांच्याशी बोलायला जो विक्रेता आला तो पंचविशीच्या आतला, नम्र, इस्त्रीचा सदरा घातलेला मुलगा होता. त्याने कॉफी मागवली, गाडी दाखवली, एक फेरी मारून आणली आणि शेवटी एक छापील कागद पुढे केला. गाडीची शोरूम किंमत 12,49,000 रुपये. त्याखाली विमा 58,500, नोंदणी खर्च 12,000, हाताळणी शुल्क 7,500, ॲक्सेसरीजचा संच 24,900, वाढीव वॉरंटी 21,000, रंगावरचे व तळाचे कोटिंग 9,500, फास्टॅग 600 आणि टीसीएस 12,490. बेरीज 13,95,490. मग त्याने आवाज थोडा खाली आणला. “काका, आज बुक केलंत तर चाळीस हजारांची सूट देतो. साहेबांकडून खास तुमच्यासाठी आणलीय. फक्त बाहेर कुणाला सांगू नका.”

कागदावरच्या कोणत्याही आकड्यापेक्षा हे शेवटचे वाक्य आण्णांना अधिक लागले. ते त्यांच्या फार जुन्या ओळखीचे होते.

आण्णा वडिलांच्या हाताखाली पेढीवर बसू लागले ते 1972 साली. बाजार समित्यांचा 1963 चा कायदा होऊन उघड लिलावाची पद्धत रुळत चालली होती, तरी हत्त्याची जुनी सवय पुरती सुटली नव्हती. हत्त्यात अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर बसत, हातांवर रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकला जाई आणि त्याखाली बोटे व पेरे दाबून भाव सांगितला जाई. प्रत्येक खरेदीदार पाळीपाळीने हात घाली. कोणी किती सांगितले हे दुसऱ्याला कळत नसे, आणि ज्याचा माल असे तो शेतकरी शेजारी उकिडवा बसून नुसत्या रुमालाच्या हालचालीकडे पाहत राही. सौदा तुटला की त्याला आकडा ऐकवला जाई. पुढे हिशेबपट्टी हातात पडे. तिच्यात अडत, हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय अशा ओळी एकाखाली एक येत आणि पदरात पडणारी रक्कम ऐकलेल्या भावापेक्षा निराळीच असे. “मूळ भावात माणूस क्वचित फसतो,” आण्णांचे वडील म्हणत, “तो फसतो पट्टीच्या तळाशी.” शोरूमच्या काचेच्या टेबलावरचा तो कागद ही एक पट्टीच होती, आणि ‘कुणाला सांगू नका’ हा रुमाल होता.

आण्णांनी कागद घडी करून खिशात ठेवला, त्या मुलाचे आभार मानले आणि बुकिंगचे पैसे न देता ते घरी आले.

रात्री जेवणे उरकल्यावर सासरे आणि सून तो कागद घेऊन बसले. एकाने चाळीस वर्षे पट्ट्या लिहिलेल्या, दुसरीने पंधरा वर्षे मुलांना जमा-खर्च शिकवलेला. सूनबाईंनी लाल पेन घेतला आणि प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहिला: हे पैसे कोणाला जातात?

या प्रश्नाने कागदाची सरळ दोन भागांत वाटणी झाली. शोरूम किंमत कंपनीची; ती सगळीकडे सारखी. टीसीएस सरकारचा, दहा लाखांहून महाग गाडीवर एक टक्का कापला जातो, पण तो गाडी घेणाऱ्याच्या पॅन क्रमांकावर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना आयकरातून वळता करता येतो. म्हणजे तो खर्च नव्हे, तात्पुरते अडकलेले पैसे. नोंदणी खर्चाच्या ओळीवर मात्र पेन थांबला. रस्ता कर माफ. बॅटरीवरील वाहनांना नोंदणी प्रमाणपत्राचे शुल्कही केंद्र सरकारने 2021 च्या ऑगस्टपासून माफ केलेले. मग बारा हजार कशाचे? कर्जाची नोंद आणि किरकोळ बाबी धरून सूनबाईंनी तीन हजारांचा अंदाज केला. हाताळणी शुल्क म्हणजे गाडी गोदामातून दुकानात आणण्याचा खर्च. तो दुकानदाराच्या धंद्याचा भाग, ग्राहकावर त्याचे बंधन नाही. “आम्ही पोती दुकानात लावायची हमाली कधी खरेदीदाराकडून घेतली का?” असे आण्णा म्हणाले आणि लगेच गप्प झाले. शेतकऱ्याकडून घेतली होती, हे त्यांना त्या क्षणी आठवले असावे.

ॲक्सेसरीजच्या संचात पायपुसण्या आणि चिखलरोधकांखेरीज उपयोगाचे काही नव्हते. त्या दोन्ही मिळून 4,800 रुपयांत बसत होत्या. कोटिंगवर काट बसली. वाढीव वॉरंटीविषयी त्यांनी थोडा विचार केला. बॅटरीला कंपनीचीच आठ वर्षांची किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी होती, आणि अशा गाडीत सर्वांत महाग वस्तू तीच. उरलेल्या गाडीसाठीची वाढीव वॉरंटी मूळ मुदत संपण्यापूर्वी पुढेही घेता येत होती. तीही ओळ बाजूला पडली.

विमा ही सर्वांत जाड ओळ. विमा कोठून घ्यायचा याचे स्वातंत्र्य ग्राहकाला असते. नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे आणि विजेच्या गाडीला त्या भागात पंधरा टक्के सवलत आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र प्रत्येक कंपनी आपापल्या दराने देते. सूनबाईंनी तीन ठिकाणचे दर मागवले. केवळ हप्ता पाहून भागत नाही, गाडीचे विमित मूल्य सगळीकडे तेच धरले आहे की नाही हेही पाहावे लागते, नाहीतर स्वस्त विमा म्हणजे कमी भरपाई. तेच मूल्य आणि तेच संरक्षण ठेवून सर्वांत कमी दर 47,000 निघाला.

जुन्या गाडीवर आण्णांनी अनेक वर्षे एकही दावा केला नव्हता. ती विकून नवी गाडी त्यांच्याच नावावर घेतली असती तर त्या सचोटीची सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, नव्या विम्याला लागला असता आणि आणखी सतरा-अठरा हजार वाचले असते. हा बोनस गाडीला नसतो, मालकाला असतो. सूनबाई म्हणाल्या, “मग तुमच्याच नावावर घेऊ या, आण्णा. चालवायची मलाच आहे ना?” आण्णांनी मान हलवली. “एवढी एक रक्कम जाऊ दे. गाडी तुझ्या नावावर होईल.” त्या रात्रीच्या हिशेबात जाणूनबुजून सोडलेला आकडा हा एकच होता.

पुढच्या आठवड्यात सूनबाईंनी कॉलेज सुटल्यावर कोल्हापुरातल्या त्याच कंपनीच्या विक्रेत्याकडून लेखी दरपत्रक आणले. जुन्या गाडीचीही आण्णांनी वेगळी चौकशी केली. शोरूमवाले तिचे 1,35,000 आणि वर ‘एक्स्चेंज बोनस’ म्हणून 20,000 देत होते. यार्डातला एक ओळखीचा हमाल-ठेकेदार रोख 1,70,000 द्यायला तयार होता. नव्याचा आणि जुन्याचा भाव एकाच कागदावर आला की एकीकडे दिलेले दुसरीकडे कापता येते. दोन सौदे दोन कागदांवर राहिले, म्हणूनच पंधरा हजारांचा फरक दिसला.

दुसऱ्या भेटीत आण्णांनी पहिला प्रश्न किमतीचा विचारलाच नाही. “ही गाडी कारखान्यातून कधी निघाली?” त्यांनी विचारले. तो मुलगा क्षणभर अडखळला. पलीकडच्या टेबलावरून व्यवस्थापकाची नजर त्याच्यावर होती. तरी त्याने चासी क्रमांक काढला, त्यातली साल-महिन्याची सांकेतिक अक्षरे वाचली आणि सरळ सांगितले, “काका, फेब्रुवारीची आहे. दहा महिने झाले.” आण्णांना त्याचे हे सांगणे आवडले. जुनी हळद नव्या पोत्यात भरून विकणारे लोक त्यांनी पुष्कळ पाहिले होते. विचारल्यावर पोते उसवून दाखवणारे थोडे.

आता सौद्याची खरी जागा सापडली. पंधरा दिवसांत साल बदलणार होते आणि ही गाडी ‘गेल्या वर्षाची’ होणार होती. शिवाय 22 सप्टेंबरपासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा कर अठ्ठावीस टक्के व अधिभारावरून अठरा टक्क्यांवर आला होता; विजेच्या गाडीचा पाच टक्केच राहिल्यामुळे दोन्हींच्या किमतींतले अंतर कमी झाले होते. ज्या मालाचा उठाव मंदावला आणि ज्याला जागा अडवून दहा महिने झाले, त्याचा भाव वाकतो, हे आण्णांना कोणी शिकवायची गरज नव्हती. गाडी दहा वर्षे वापरायची होती, तीन वर्षांत विकायची नव्हती. म्हणून जुन्या सालाची त्यांना भीती नव्हती. “माल जुना चालेल,” ते म्हणाले, “पण मग भावही जुन्याचा पाहिजे. आणि बॅटरीची हमी विक्रीच्या तारखेपासून सुरू होते, हे लिहून पाहिजे.”

मुलगा “साहेबांना विचारून येतो” म्हणून काचेच्या केबिनमध्ये गेला आणि पाच हजार वाढवून आला. पुन्हा गेला, पुन्हा पाच हजार. तिसऱ्या वेळी तो उठला तेव्हा आण्णांनी त्याला बसवले. “तू कशाला हेलपाटे घालतोस? साहेबांनाच इथे बोलाव. कागद मध्ये ठेवू आणि सगळ्यांच्या देखत बोलू.” व्यवस्थापक आले. कोल्हापूरचे दरपत्रक आणि लाल पेनाने खुणावलेला कागद शेजारी शेजारी ठेवले गेले. आवाज कोणाचाच चढला नाही. एकेका ओळीवर ‘हे कशाचे?’ एवढेच विचारले गेले आणि ज्या ओळीला उत्तर नव्हते ती आपोआप गळाली.

मध्येच कर्जाच्या टेबलावरचा माणूस येऊन बसला. “पाच लाखांचं कर्ज घ्या, काका. फक्त साडेपाच टक्के.” आण्णांनी त्याच्याच पेनाने कागदाच्या मागे हिशेब मांडला. पाच लाखांवर साडेपाच टक्क्यांनी पाच वर्षांचे व्याज 1,37,500. एकूण परतफेड 6,37,500. महिन्याचा हप्ता 10,625. पण हप्त्याबरोबर मुद्दल दर महिन्याला घटत जाते आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण पाच लाखांवरच धरलेले. घटत्या शिलकेवर हाच हप्ता दहा टक्क्यांचा पडतो. अडत दुकानात कटमितीने, दिवस मोजून, व्याज काढलेल्या माणसाला ही गंमत ओळखायला वेळ लागला नाही. त्या माणसाने मग दीड लाखापर्यंतच्या व्याजावर आयकरात सूट मिळते असे सांगून पाहिले. सूनबाई शांतपणे म्हणाल्या, “ती सवलत 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना होती.” तो माणूस हसला आणि उठून गेला. ज्या बँकेत त्यांचा पगार जमा होतो ती बँक घटत्या शिलकेवर नऊ टक्क्यांच्या आत कर्ज देत होती.

अखेर कागद तयार झाला. कंपनीची वर्षअखेरची सूट साठ हजार आणि दुकानाची पस्तीस हजार, मिळून 95,000; गाडी 11,54,000 ला. टीसीएस 11,540, बाहेरचा विमा 47,000, नोंदणी 3,000, दोन आवश्यक वस्तू 4,800, फास्टॅग 600. एकूण 12,20,940. पहिल्या कागदावरची चाळीस हजारांची ‘खास’ सूट वजा करूनही 1,34,550 रुपये कमी. जुन्या गाडीचे पैसे आणि आण्णांचे सात लाख धरता कर्ज साडेतीन लाखांवर आले. चार्जिंगची वेगळी पेटी घेण्याचेही कारण उरले नाही. गाडीसोबतच्या केबलने 15 अँपिअरच्या सॉकेटवर रोजचे पंधरा युनिट पाच तासांत भरतात. घरचे अर्थिंग तेवढे वायरमनकडून तपासून घ्यायचे होते.

सही करून झाली. व्यवस्थापक केबिनमध्ये गेले. तो मुलगा कागद एकत्र करता करता म्हणाला, “काका, एक विचारू? यार्डात हळदीची पेढी तुमचीच ना? माझे आजोबा तुमच्याकडे माल घालायचे.” त्याने वाळवा तालुक्यातले एक गाव सांगितले. आण्णांचा चेहरा खुलला. “आजोबा आहेत?”

“आहेत. ऐंशी झालं त्यांचं वय. तुमच्या पेढीचं नाव अजून काढतात. पैसे वेळेवर मिळायचे म्हणतात, चहाही मिळायचा.” मुलगा थोडा थांबला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. “फक्त म्हणतात, रुमालाखाली काय ठरलं ते कधी कळलं नाही. घरी येऊन पट्टी वाचली की कळायचं, आपला माल कितीला गेला.”

आण्णांनी काही उत्तर दिले नाही. निघताना त्यांनी एवढेच विचारले की, या विक्रीत तुला काय मिळेल? मुलगा हसला. विक्रेत्याला गाडीवर फारसे मिळत नाही. मिळते ते विम्यावर, कर्जावर आणि ॲक्सेसरीजवर. या कागदावर त्यातले काहीच राहिले नव्हते.

त्या रात्री आण्णांनी माळ्यावरून लाल कापडी बांधणीच्या वह्या उतरवल्या. 1976 च्या वहीत ते गाव सापडले. बारा पोती, वजन, भाव, हमाली, तोलाई, धर्मादाय. सारे पैशापर्यंत बरोबर. वहीत खोटे काहीच नव्हते. रुमालाखाली बाकीच्या खरेदीदारांनी काय बोली केली होती, तेवढे वहीत नव्हते. पण आण्णांना एक दिवस स्वच्छ आठवत होता. सौदा तुटल्यावर त्यांनी वडिलांना विचारले होते की, त्या दुसऱ्या व्यापाऱ्याने क्विंटलला दोन रुपये जास्त सांगितले असता माल याला का दिला? “हा बारमाही घेणारा आहे,” वडील म्हणाले होते. “मोठ्या गिऱ्हाइकाचे दोन रुपये सांभाळावे लागतात.” ते दोन रुपये वडिलांच्या खिशात गेले नव्हते. ते कोणाच्या खिशातून गेले, हे मात्र आण्णांना तेव्हाही ठाऊक होते. पुढे पेढी त्यांच्या हाती आली तेव्हा लिलाव उघड्यावर होऊ लागले होते आणि ही गोष्ट आठवण्याची वेळ आली नाही.

सकाळी त्यांनी हे सूनबाईंना सांगितले. त्यांनी सांत्वन केले नाही. वही पाहिली, पान पुन्हा पाहिले आणि म्हणाल्या, “नोंद नाही म्हणून व्यवहार झाला नाही असं होत नाही, आण्णा. मी वर्गात हेच शिकवते.”

नोंदणीपूर्वी त्या दोघांनी गोदामात जाऊन दिवसाउजेडी गाडी तपासली. चासी क्रमांक कागदाशी ताडून पाहिला, टायरांवरचे आठवडा व वर्षाचे चार आकडे वाचले, किलोमीटर पाहिले, दोन्ही पद्धतींनी चार्जिंग लावून पाहिले. एकदा नोंदणी झाली की तक्रारीला वाट फार अरुंद उरते. आठ दिवसांनी ताबा मिळाला. शोरूममध्ये गाडीवर तांबडे रेशमी कापड पांघरलेले होते. नातीने ते ओढले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, छायाचित्र काढले गेले. आण्णांनी ते कापड उचलून नीट घडी घातली आणि त्या मुलाच्या हातात दिली. मग व्यवस्थापकांना त्यांनी एक पत्र दिले. विचारल्याबरोबर खरी माहिती देणारा माणूस तुमच्याकडे आहे, आणि आपण त्याच्याकडेच माणसे पाठवू, असे त्यात लिहिले होते. महिन्याभरात यार्डातले दोघेजण गेलेही. “त्याला कागद मागा,” आण्णांनी त्यांना सांगितले होते, “तो देतो.”

पहिल्याच रविवारी सूनबाईंनी गाडी काढली आणि आण्णांना घेऊन त्या वाळव्याच्या बाजूला गेल्या. म्हातारे अंगणात उन्हाला बसले होते. ओळख पटायला वेळ लागला नाही. चहा झाला, पिकापाण्याचे बोलणे झाले. मग गाडीकडे पाहत त्यांनी विचारले, “केवढ्याला पडली, आण्णा?”

असे विचारल्यावर लोक एक गोल आकडा सांगून मोकळे होतात. आण्णांनी खिशातून कागद काढला, उलगडला आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळ वाचून दाखवली. सूट किती, कोणी दिली, कोणत्या ओळी गळल्या, तेही सांगितले. नातवाच्या पदरात यातून काय पडले नाही, तेही लपवले नाही. वाचून झाल्यावर ते थोडा वेळ थांबले. मग पन्नास वर्षांपूर्वीच्या बारा पोत्यांविषयी आणि क्विंटलमागच्या दोन रुपयांविषयी त्यांनी सांगितले.

म्हाताऱ्यांनी ते सगळे ऐकून घेतले. पुष्कळ वेळ ते जमिनीकडे पाहत राहिले.

“ते आम्हाला ठाऊक होतं, आण्णा,” ते म्हणाले. “तुम्ही येऊन सांगाल, एवढं ठाऊक नव्हतं.”